झोप लागली का?

म्हात्रे सरांना 'गुड मॉर्निंग' म्हणायची सोय नव्हती. म्हटलंच कोणी, तर ते जिन्यातच थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्याकडे निरखून बघत विचारायचे, "झोप लागली का रात्री?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. शिपायाला, प्राचार्यांना, परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना, कॅन्टीनवाल्याला. मी पनवेलला खांदा कॉलनीजवळच्या या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला आले, तेव्हा पहिल्या दिवशी मलाही विचारला. मी साताऱ्याची. आमच्याकडे परक्या बाईला परका पुरुष असलं काही विचारत नाही.

"बायकांना असं विचारतात का हो?" मी फटकारलंच.

"का?" ते मनापासून गोंधळले. "बायका झोपत नाय?"

आता या माणसाशी काय भांडायचं! मी कपाळावर हात मारला आणि वर्गाकडे निघाले. मागून आवाज आला, "नाय लागली वाटतं!"

सर रसायनशास्त्र शिकवायचे. अंगाने आडवेतिडवे, रंगाने काळेभोर, कपडे मात्र बारा महिने पांढरेशुभ्र. जन्माने इथलेच, आगरी. कॉलेजच्या गेटातून बाहेर बघितलं की जे चौदा-चौदा मजली टॉवर दिसतात, त्यांतल्या दोहोंच्या जागी त्यांच्या बापाची भातशेती होती. जमिनीचे पैसे आल्यावर भाऊबंदांनी गाड्या घेतल्या, गळ्यात बोटाएवढ्या चेना घातल्या. सरांनी जुनी स्कूटर बदलली नाही. ती चालू व्हायला इतक्या लाथा खायची की मुलांनी तिचं नाव 'गरीब विद्यार्थी' ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं. तेही म्हणायचे, "थांबा बाई, गरीब विद्यार्थ्याला उठवतो, मग सोडतो तुमाला."

वर्गात ते छापील मराठी बोलायचे, स्टाफरूममध्ये घरचं. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. तो डबा उघडला की मी खिडकी उघडायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. ते म्हणायचे, "बाई, वास नाकाला येतो, पोटाला नाय." मी म्हणायचे, "तुमचं पोट तुमच्यापाशी, माझं नाक माझ्यापाशी." आणि मग दोघं जेवायचो. माझ्या डब्यातली मटकीची उसळ ते न विचारता घ्यायचे.

बारावीला त्यांचा एक धडा असायचा, 'अल्कोहोल'. तो सुरू झाला की वर्ग हसणार हे ठरलेलं. फळ्यावर नाव लिहिलं की मागच्या बाकांवरून शिट्ट्या, कोणीतरी 'चीअर्स' ओरडणार. बाकीचे मास्तर अशा वेळी डस्टर आपटतात. सर खुर्चीवर बसून राहायचे. हसणं ओसरेपर्यंत थांबायचे. त्यांच्या शेजारच्याच वर्गात माझा तास असायचा, त्यामुळे पुढचं वाक्य मी भिंतीपलीकडून दरवर्षी ऐकलेलं आहे.

"हसून झालं? बरं झालं. आता ज्यांच्या घरात याचं हसू येत नाही, त्यांच्यासाठी शिकवतो."

मग इतकी शांतता पसरायची की मलाही माझी कविता थांबवावी लागायची.

आता त्यांच्या घरचं सांगते. लपवालपवी त्यांनी कधी केली नाही, मग मी कशाला करू? त्यांनी ते मला सुकट खाता खाता सांगितलं होतं.

इकडच्या गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. अंगणात मांडव पडतो, संध्याकाळी धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, नवऱ्या मुलाला बायका हळद लावतात, आणि एकदा ते उरकलं की डीजे लागतो आणि बाटल्या निघतात. हळदीला प्यायली तर ती प्यायली असं कोणी धरतच नाही. "हळदीचा घोट" म्हणतात. घरात दारूला शिवत नाही म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यालाही त्या दिवशी मोकळीक. सरांच्या हळदीला त्यांचा धाकटा भाऊ मधू सतरा वर्षांचा होता. भारी लाजरा. चार माणसं आली की मागच्या दारानं पळायचा, शाळेत तोंडी परीक्षा म्हटली की त्याला घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे. त्या दिवशीही तो गोठ्यापाशी एकटा उभा होता. आणि अंगाला हळद लागलेल्या या नवऱ्या मुलानं, म्हणजे आमच्या म्हात्रे सरांनी, त्याला हाताला धरून मांडवात आणला, ग्लास भरला आणि स्वतःच्या हातानं पाजला.

"नाचला ओ बाई!" सर म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा पोरगा चारचौघांत नाचला. सगळी म्हनाली, मधू मोकळा झाला. मलापन वाटला, बरा काम केला आपन." भाकरीचा तुकडा त्यांनी तसाच ताटलीत ठेवला. "तो आजारी होता, बाई. आमाला वाटला लाजरा हाय. त्याला कलला की ह्या औषधानं भीती जाते. मग तो रोज औषध घ्याया लागला."

मधू तिशीही न बघता गेला. त्यानंतर सर कुणाच्याही हळदीला गेले नाहीत. लग्नाला जायचे, आहेर करायचे, जेवायचे. पण हळदीला नाही. सख्ख्या पुतण्याच्यासुद्धा नाही. गावात बोलणी बसली, "शिकला आणि भावकी विसरला." सरांनी बसू दिली.

आणि तेव्हापासून तो प्रश्न. "पिलास का विचारला तर पोरगा खोटा बोलतो," ते म्हणायचे. "झोपलास का विचारला तर रडतो."

मला हे खरं वाटायचं नाही. एकदा खरं झालेलं डोळ्यांनी बघितलं. रोडपालीची एक मुलगी होती, पहिल्या नंबरची, आईवडील दोघं चांगल्या नोकरीत. जिन्यात सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि ही पोर तिथेच पायरीवर बसून हमसाहमशी रडायला लागली. झोप यावी म्हणून ती कित्येक महिने खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पीत होती. घरी कुणाला पत्ता नाही. मार्क उत्तम होते ना, मग कोण कशाला बघतंय!

आमच्या कॉलेजात दर बुधवारी समुपदेशक मॅडम यायच्या. हुशार, तरुण, गोड बोलणारी बाई. पण तिची खोली प्राचार्यांच्या केबिनला लागून, दारावर हातभर पाटी, बाहेर एक लाकडी बाकडं. त्या बाकड्यावर बसणं म्हणजे 'मी वेडा आहे' असं गळ्यात लिहून बसणं. वर्षभर मॅडम आत बसून मोबाइल बघायच्या. नोटिसा लागल्या, व्याख्यानं झाली. कुत्रं फिरकेना.

एका बुधवारी मोठ्या सुट्टीत बघते तर म्हात्रे सर त्या बाकड्यावर. मांडीवर डबा, हातात भाकरी. मुलं येता-जाता थबकतायत. "सर, तुम्ही इथं?"

"नंबर लावलाय."

"तुम्हाला काय झालंय?"

"ते आत सांगीन. तुला कशाला सांगू?"

पुढच्या बुधवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या बुधवारी त्यांच्या शेजारी एक मुलगा येऊन टेकला, सरांशी गप्पा मारायला म्हणून. आतून "पुढचे?" अशी हाक आली, तशी सर म्हणाले, "जा रे बाला, तू जा आधी. माझा जेवान व्हायचाय." मुलगा गेला. मग दोन आले. मग मुलीही आल्या. दिवाळीपर्यंत बाकडं पुरेनासं झालं. कोणी टोमणा मारला तर मुलं सांगायची, "सर पण जातात." आणि सर? दर बुधवारी न चुकता नंबर लावायचे आणि दर वेळी तो दुसऱ्याला द्यायचे. मी एकदा म्हटलं, "नाटकी आहात हो तुम्ही." ते हसले. "बाई, नाटकाला गर्दी व्हते."

जितेश त्यांच्या हाताला लागला तो तोंडी परीक्षेत. पनवेलजवळच्याच गावचा मुलगा. वडील नामदेवराव, जमीन गेल्यावर रेती-खडीच्या धंद्यात पडलेले, दारात दोन डंपर. मुलगा हुशार, लेखीत पैकीच्या पैकी, आणि तोंडीला उभा राहिला की थरथरायचा. त्या दिवशी थरथरला नाही. उलट भलताच खुशीत, परीक्षकांशी विनोद करत होता. सर जवळ गेले आणि त्यांना वास आला. दप्तरात थंड पेयाच्या बाटलीत दारू निघाली आणि कंपासपेटीत झोपेच्या गोळ्या.

प्राचार्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. "दाखला हातात द्या आणि मोकळे व्हा. एक नासका आंबा सगळी पेटी नासवतो."

सर उभे राहिले. रागावल्यावर त्यांचं छापील मराठी सुटायचं. "साहेब, आंबा फेकला तर उकिरड्यावर जातो. ह्यो पोरगा कुठं जाईल, सांगा. मी सांगू? मी बघितलाय कुठं जातो ते."

दाखला राहिला. पण खरी कसोटी नामदेवरावांची होती. ते तावातावाने आले. "गावात कोन घेत नाय, सर? मी घेतो, माझा बाप घ्यायचा. ह्यालाच का चढते?"

"त्याला चढत नाय, नामदेव. पिऊन त्याला उभा राहाया येतं. तो घाबरतो. छातीत धडधडते त्याच्या, रात रात झोपत नाय. तुझ्याशी बोललाय का कधी?"

"मला नाय बोलला."

"तू घरी असतोस का?"

नामदेवराव खुर्चीवर टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझा पोरगा वेडा नाय."

"नाय ना? मंग डाक्टरकडं न्यायला घाबरतोस कशाला?"

सरांनी स्वतः नेलं, गरीब विद्यार्थ्यावर मागे बसवून. मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आजार आधीचा आहे, दारू आणि गोळ्या नंतरच्या. दोन्हींवर एकदम उपचार लागतील, नुसती बाटली काढून घेतली तर पोरगा भीतीपुढे उघडा पडेल. महिनाभर तो व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. बारावीचं वर्ष गेलं. परत आला, औषधं सुरू, दर बुधवारी बाकड्यावर. गणपतीत पुन्हा एकदा प्यायला. नामदेवरावांनी सरांना फोन करून आकाशपाताळ एक केलं. सर एवढंच म्हणाले, "पडला तर पडला. गुडघा फुटला म्हनून पाय तोडतोस का?" फोन ठेवल्यावर मात्र ते कितीतरी वेळ डबा न उघडता बसून राहिले. मीही त्या दिवशी खिडकी उघडली नाही.

त्यानंतर पोरगा सावरला. दिवाळी कोरडी गेली, नवं वर्ष कोरडं गेलं. आणि माघात त्याच्या मोठ्या बहिणीची हळद निघाली. पुढच्याच आठवड्यात त्याची प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षा. त्या मांडवात तो प्यायला असता, तर परीक्षा तर गेलीच असती, पण एवढं वर्षभर मुंगीच्या पावलांनी चढून आलेला पोरगा पुन्हा तळाला गेला असता. डॉक्टर म्हणाले होते, जाऊ नको म्हणणार नाही, पण एकट्याने जाऊ नको.

जितेश स्टाफरूममध्ये आला. माझ्यासमोरच बोलला. "सर, नाय गेलो तर ताई रडेल. आनि गेलो तर..." तो नखं कुरतडत उभा राहिला.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. खिडकीबाहेर बघितलं. मला त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती.

"मी येतो," ते म्हणाले.

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सख्ख्या पुतण्याच्या हळदीला न गेलेला माणूस! जितेश गेल्यावर मी विचारलं, "जमेल का तुम्हाला?" ते म्हणाले, "म्हाईत नाय. तुमी चला. तुमच्या धाकानं तरी बरा वागीन."

म्हणून मी गेले. साताऱ्याच्या जोशीबाई आगऱ्यांच्या हळदीला! हा एवढा मांडव, दिव्यांच्या माळा, धवलारणीचा खडा आवाज, मटणाचा वास. म्हात्रे मास्तर हळदीला आले ही बातमी आम्ही स्कूटरवरून उतरायच्या आत मांडवभर झाली. म्हातारी माणसं वळून वळून बघत होती. सरांच्या कपाळाला घाम होता, माघातल्या गारव्यात.

नवरीला हळद लागली. ताई हसत होती, रडत होती. मग डीजे सुरू झाला आणि जितेशचा मामा, सरांच्याच गावचा आत्माराम, ग्लास घेऊन आला. माणूस वाईट नव्हता हो. तोंडभर हसू, भाच्यावर जीव. "ये रं! बहिनीच्या हळदीला कोरडा राहतोस? एक घोट. बघ कसा मोकळा व्हशील, नाचशील."

तेच शब्द. मोकळा होशील. नाचशील. मी सरांकडे बघितलं. ते जागच्या जागी थिजले होते. वाटलं, आता हा माणूसच कोसळतो की काय.

पण ते हलले. सरळ पुढे गेले, नवरीपुढची हळदीची परात उचलली आणि जितेशचे दोन्ही हात मनगटापर्यंत त्या ओल्या हळदीत बुडवले. मग परात त्याच्याच हातांत दिली. "नवरीचा भाऊ हाईस ना? मांडवातल्या एकून एक मानसाला हळद लाव. परात खाली ठेवायची नाय."

"मास्तर, हात भरलं त्याचं!" मामा हसला. "मंग मी पाजतो." आणि ग्लास जितेशच्या तोंडाशी नेला.

सरांनी मधे आपला हात घातला. ओरडले नाहीत. डीजेच्या गोंगाटात त्यांना ओरडावं लागायला हवं होतं, पण मला शब्द न् शब्द ऐकू आला. "आत्माराम, माझ्या हळदीला मी मधूला असाच पाजला. मोकळा व्हईल म्हनून. तू होतास तिथं, टाळ्या वाजवत होतास. त्याला खांदापन तू दिलास. ह्या पोराला खांदा द्यायची ताकद हाय का तुझ्यात? असंल तर पाज."

मामाचा हात खाली आला. मग त्यानं ग्लास मांडवाच्या खांबाजवळ रिकामा केला आणि स्वतःचा गाल जितेशपुढे केला. "लाव हळद," म्हणाला.

जितेशनं मामाला लावली, बापाला लावली. नामदेवरावांनी पोराचं मनगट धरून ठेवलं, सोडेचनात. गावच्या आज्यांना लावली, डीजेवाल्याला लावली. मलाही लावली मेल्यानं, माझी नवी साडी! तो नाचला नाही. घाबरलेलाच होता. पण घाबरत घाबरत अख्खा मांडव फिरून आला. शेवटी सरांपुढे आला, परात खाली ठेवली आणि त्यांना घट्ट मिठी मारली. सुटला तेव्हा सरांच्या पांढऱ्या शर्टावर पाठीमागे दोन पिवळे पंजे उमटले होते.

तोंडी परीक्षेत तो अडखळला, थरथरला, पाणी मागितलं आणि शुद्धीवर राहून पास झाला.

मार्चअखेरीस सर निवृत्त झाले. आता ते आपटा गावात नदीकाठी बहिणीच्या घराशेजारी राहतात, फोन केला की पहिला प्रश्न तोच विचारतात. पण मला ते दिसतात ते त्यांच्या कॉलेजातल्या शेवटच्या बुधवारचे. बाकड्यावर मुलं दाटीवाटीने बसलेली, मधोमध सर, मांडीवर डबा. अंगात तोच शर्ट. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, किती वेळा धुतला, उन्हात वाळवला, पण पाठीवरचे पंजे फिकट पिवळे उरलेच होते. मी वर्गावरून येत होते. सरांना भेटायला जितेश आला होता, परीक्षा संपवून. मुलांनी सरकून त्याला जागा दिली. तो टेकला आणि सहज, अगदी सहज, म्हणाला, "सर, तुमाला झोप लागली का रात्री?"

सरांनी तोंड उघडलं. काहीतरी गमतीचं बोलणार असं वाटलं. पण हा माणूस आयुष्यभर दुनियेला विचारत आला आणि त्याला उलटून कोणी विचारलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"नाय रे बाला," ते म्हणाले. "मधू गेल्यापासून नाय."

आतून हाक आली, "पुढचे?"

सगळी मुलं सरांकडे बघायला लागली. नंबर त्यांचाच होता. सरांनी सवयीनं शेजारच्या मुलाला उठवायला हात उचलला, तर जितेशनं तो हात धरला आणि त्यांच्या मांडीवरचा डबा काढून आपल्या मांडीवर घेतला. "मी थांबतो इथं," तो म्हणाला. "जावा तुमी."

सर उठले. पाठीवरच्या दोन पिवळ्या पंजांसकट आत गेले आणि दार लावून घेतलं.